भिंतीची चव

कासमचाचा भिंत चाखायचे. थेट जीभ लावायचे नाहीत, तेवढी सभ्यता होती. उजव्या हाताचं बोट ओलीवरून फिरवायचं, जिभेच्या टोकाला टेकवायचं आणि डोळे मिटून थोडं थांबायचं. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो दोह्यातल्या त्या व्हिलात आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात. व्हिलाचे भाग पाडून ते वेगवेगळे भाड्याने दिलेले होते. तळमजल्यावर मी आणि माझा नवरा श्रीधर, आणि आमच्या पायाखाली, तळघरातल्या दोन खोल्यांत, कासमचाचा आणि त्यांची बायको हलीमाचाची. "मॅडम, जरा खाली येता का?" असं त्यांनी दारात येऊन विचारलं. विचारलं कसलं, समन्सच बजावलं.

मी खाली गेले. खालच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढली होती आणि तिच्या वरच्या कडेला मिठाचा पांढरा लोणा फुटला होता. चाचांनी माझ्यासमोर बोट फिरवलं, चाखलं. "खार हाय," ते म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडे रोखून बघत, "पन मागाहून जरा गोड बी लागतंय. तुमच्याकडचं पानी दाखवा." मग ते आमच्याकडे आले. स्वयंपाकघरातला नळ चाखला, न्हाणीघरातला चाखला, वॉशिंग मशीनच्या नळीखाली ओंजळ धरली. मी कराडची. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, पण पाहुणा ते असं तपासून घेत नाही. शेवटी त्यांनी रुमालाने हात पुसला आणि निकाल दिला, "खलास, तुमचं नाय. आज तरी नाय."

त्या 'आज तरी'ने माझं डोकंच फिरलं. पुढे कळलं की ही माझ्यावरची खास मेहेरबानी नव्हती. चाचा एका किराणा मालाच्या गोदामात स्टोअरकीपर होते आणि उभी हयात त्यांनी संशय घेण्याचा पगार घेतला होता. तांदळाची गोणी आली की आधी ते ती हुंगायचे, मग आत हात खुपसून तळाची गरमी बघायचे. घराचं कुलूप लावून दोनदा ओढायचे, चार पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. माझ्याकडे चहा घेताना विचारायचे, "ह्यात सुंठ हाय का?" नाही म्हटलं की, "मंग का नाय घातली?"

चाखण्याची सवय मात्र गोदामातली नव्हती, ती गावाकडची. रत्नागिरीकडे खाडीच्या काठावर त्यांचं गाव. तिथे भातजमिनी आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि त्या बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे. ज्याचा तुकडा त्याने राखायचा. कुणी आळस केला की उधाणाचं पाणी आत घुसायचं आणि विहिरीदेखील मचूळ व्हायच्या. म्हणून उन्हाळ्यात मोठी माणसं सकाळी विहिरीचं पाणी चाखून बघायची, आणि खारट लागलं की बांधावर जाऊन शोध घ्यायची, कुणाचा तुकडा खचला. चाचांच्या डोक्यात ते कायमचं बसलं होतं. "खार आपोआप शिरत नाय, मॅडम. खार शिरला म्हंजे कोनाचा तरी बांध फुटला. आपन फक्त मानूस शोधायचा." दोह्यात समुद्राचा नुसता वास आला तरी ते माणूस शोधायचे.

आणि शोधायला कारण होतं. हलीमाचाचींना दमा होता. आयुष्याची कितीतरी वर्षं चाचांनी अल रुवैसच्या बंदरावर आणि मग बरवा अल बराहाच्या कामगारवस्तीत, दहा जणांच्या संगतीत आणि एकट्यानेच काढली होती. उतारवयात कसाबसा फॅमिली व्हिसा मिळाला आणि चाची आल्या. म्हातारपणी संसार मांडला म्हणून दोघंही थोडे लाजायचे. आता त्या ओलीने चाचींची छाती भरून येत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, या खोलीत राहू नका. गावाहून मुलगा सारखा फोन करायचा, अम्मीला पाठवून द्या. शेवटी बापलेकांत ठरलं की हिवाळा संपेपर्यंत भिंत सुकली नाही तर चाची परत जातील. चाचांना परवानगी एकदाच मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. भिंत म्हणजे त्यांच्या दृष्टीने चाचींचं तिकीटच होतं.

त्यामुळे त्या हिवाळ्यात ते कुणालाच सोडत नव्हते. रोज गाड्या धुणाऱ्या वॉचमनच्या पाइपवर नजर, आमच्या एसीच्या गळतीवर नजर, घरमालकाच्या माणसावर तर बारीक नजर. एका शुक्रवारी मी पायरीवरच्या तुळशीला पाणी घालत होते, तर चाचा मागे येऊन उभे. "ही किती पानी पिते?" मी भडकलेच. "चाचा, माझ्या तांब्याभर पाण्याने तुमची भिंत भिजते का?" "मी तसं बोल्लो नाय," ते म्हणाले, "मी फक्त इचारलं." खालच्या झरोक्यातून चाचींचा आवाज आला. "अवो, त्या पोरीच्या तुळशीला तरी सोडा, उद्या माज्या नमाजाआधीच्या वजूच्या पान्याचा हिशेब मागाल, परवा माशांना इचाराल समिंदरात किती मुतलात म्हनून, लाज हाय का नाय!" एका दमात. चाची बरं वाटत असलं की असंच बोलायच्या, मध्ये श्वास न घेता. मग हसायच्या, आणि हसण्याचा खोकला व्हायचा.

चाचांचं स्वतःचंही एक झाड होतं, शेवग्याचं; ते त्यांनी मला आधीच दाखवलं होतं. आम्ही शेवगा म्हणतो, ते शेगट म्हणतात. चाचींना त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी लागायची, म्हणून व्हिलाच्या मागच्या बाजूला, उन्हापासून आडोसा मिळेल असा भिंतीला अगदी लागून लावलेला. ते रोप दाखवताना चाचांनी बांधकाम करणाऱ्यांची लबाडीही मला सांगितली होती. "खड्डा खनला तर आत काय? काळी डांबरी ताडपत्री, भिंतीला चिकटवलेली. कचरा उचलायचा कंटाळा, तिथंच गाडून टाकला. मी पहारीनं टरकावली आनि फेकून दिली. असली चोर मान्सं." मी मान डोलावली होती. जगाच्या लबाडीबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा.

मध्यंतरी चाचांनी हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र आणलं. त्याची बादली भरली की चाखायचे आणि चक्रावायचे, कारण ते पाणी चक्क गोड. म्हणजे पुन्हा आमच्यावर संशय. श्रीधर बांधकामावर इंजिनियर आहे. त्याने परोपरीने समजावलं की चाचा, हे हवेतलं पाणी आहे, त्यात मीठ येणारच नाही. चाचा विचारात पडले. म्हणाले, "हवेत कोनी सोडलं?"

घरातल्या घरात हा संशय मलाही लागला. मी कपाटं हुंगू लागले, पलंगाखाली हात फिरवू लागले, श्रीधरने आंघोळीला जरा वेळ लावला की दार वाजवू लागले. शेवटी तोच वैतागून एक दिवस टॉर्च घेऊन खाली गेला. बराच वेळ भिंत बघून म्हणाला, ही वरची गळती नव्हे. इथे थोडं खणलं की मचूळ पाणी लागतं, ते बाहेरून भिंतीवर दाब देतं. तळघराला बाहेरून आवरण केलेलं असतं, ते कुठेतरी गेलंय. आतून कितीही रंग लावा, उपयोग नाही, बाहेरून उकरावं लागेल. चाचांचा चेहरा उजळला. "म्हंजे कोनीतरी केलंय," ते म्हणाले.

घरमालकाच्या माणसाला त्यांनी इतका पिच्छा पुरवला की तो मजूर घेऊन आला. सकाळपासून उकरणं चाललं होतं. चाचा रजा टाकून खुर्ची मांडून बसलेले, खटल्याच्या निकालाला बसावं तसे. भिंतीच्या कडेने खणत खणत मजूर शेवग्यापाशी आले. रोप उपटलं आणि खाली उतरून माती बाजूला केली. भिंतीवरचं काळं डांबरी आवरण सगळीकडे धड होतं. फक्त त्या एका जागी दाराच्या पायपुसण्याएवढा तुकडा गायब होता आणि तिथून ओली, मिठाळ भिंत उघडी दिसत होती. कडा पहारीने फाडलेल्या.

श्रीधर म्हणाला, "हेच ते आवरण. जमिनीतलं पाणी अडवायला लावतात."

मी चाचांकडे बघितलं नाही. मातीकडे बघत राहिले.

"किसने काटा?" घरमालकाच्या माणसाने विचारलं, आणि कुणी बोलेना तेव्हा स्वतःच म्हणाला, "पुराना ठेकेदार होगा. साले ऐसे ही काम करते हैं." प्रकरण तिथेच मिटलं असतं. तिथे जमलेल्यांत त्या शेवग्याची गोष्ट चाचांखेरीज फक्त मला ठाऊक होती आणि मी काही बोलणार नव्हते. चाचा खुर्चीवरून उठले.

"ठेकेदार नहीं," ते म्हणाले. "मैंने काटा. कचरा समझके." मग माझ्याकडे वळून आमच्या भाषेत, "बांध माजाच फुटला, पोरी." त्या दिवसापर्यंत मी मॅडम होते.

चाची भिंतीला धरत धरत वर आल्या होत्या. खड्ड्यात वाकून बघत त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "मी तवाच सांगत होते, असा घाव घालू..." आणि तिथेच थांबल्या. पुढचं वाक्य छातीतून निघालंच नाही. चाचांनी त्यांना पाठीमागून धरून खुर्चीवर बसवलं.

आवरण नवीन लावलं, खड्डा बुजवला, रोज येणारं पाणी थांबलं. पण मुरलेली ओल एवढ्यात कुठली निघायला? श्रीधर म्हणाला, पूर्ण सुकायला उन्हाळा जाईल. हिवाळा तर संपला होता. चाची गेल्या. निघताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "ह्यांना सांभाळ गो. जेवताना आमटीवर संशय घेतील, घेऊ दे."

चाचा पुन्हा बरवाच्या खोलीत राहायला गेले. तिथे गलका फार, म्हणून शुक्रवारी नमाजनंतर ते आमच्याकडे येऊन चाचींना व्हिडिओ कॉल लावायचे. मीही डोकावायचे. चाची अंगणात बसलेल्या, डोक्यावरून स्वच्छ ओढणी, चेहरा तुकतुकीत. "मी बरी हाय," म्हणायच्या. "गावची हवा मानवली." मला खरंच बरं वाटायचं. फोन बंद झाला की चाचा पडद्याकडे बघत बसायचे.

"खोटं बोलते," एकदा ते म्हणाले.

"चाचा, किती छान दिसत होत्या. मुलगाही तेच सांगतोय. आता तरी संशय सोडा."

"ती मला ओरडत नाय," चाचा म्हणाले. "महिनाभर झाला, येकदाबी ओरडली नाय. चार शबूद बोलते आनि म्हनते, थांबा, दूध उतू चाल्लं. मंग फोन लेकाच्या हातात. मला सांग, येवढं दूध कोनाच्या घरात उतू जातं?"

श्रीधरने समजावलं, मुलाने फोनवर शपथ घेतली, गोदामाच्या मॅनेजरने सांगितलं की अजून एक वर्ष थांबा, नंतर कायमचे जा. चाचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि राजीनामा दिला. जाण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले. मी विचारलं, "आणि त्या खरंच बऱ्या असल्या तर?" "तर शिव्या खाईन," ते म्हणाले. "इन्शाल्ला."

ते गेल्यावर बरेच दिवस काही कळलं नाही. फोन लागायचा नाही, लागला तर मुलगा घाईत असायचा. ईदच्या नंतर चाचांचा एक लांब व्हॉइस मेसेज आला. मी ऑफिसात होते, जिन्यात जाऊन ऐकला. आवाज नेहमीसारखाच होता, तक्रारीचा. ते पोहोचले तेव्हा चाचींना रात्री आडवं होताही येत नव्हतं, उशांना टेकून बसूनच झोपायच्या. कॉलच्या वेळी सून त्यांना उचलून अंगणात आणून बसवायची, तोंड धुऊन, नवी ओढणी घालून. चाचांना कळू द्यायचं नाही, ही चाचींचीच सक्त ताकीद होती. मग पुरा रमजान दोघं एकत्र होते. चाचींना रोजा झेपत नव्हता, तरी संध्याकाळी चाचा रोजा सोडायचे तेव्हा एकाच ताटातला खजूर त्याही घ्यायच्या. ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या, चाचांच्या खांद्याला टेकून बसल्या बसल्या.

मेसेज संपला असं वाटून मी फोन खाली घेतला, तर पुढे अजून थोडं होतं.

"शेवटपावत म्हनत होती गो, मी बरी हाय, तुमी जा परत, नोकरी जाईल," चाचा म्हणाले. "मी येकदाबी इस्वास ठेवला नाय."