नारळावरची फ्रेम

आमच्या स्नूकरच्या हॉलमध्ये पैशाची पैज चालत नाही. हरणाऱ्यानं नारळ आणायचा. ही पद्धत माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते. तरुणपणी ते जत्रेच्या आखाड्यात उतरायचे, आणि जत्रेत लहानसहान कुस्त्या नारळावरच लागतात. दिघीहून आळंदीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं शेत होतं. तिथं आता खाली हार्डवेअरचं दुकान, वर दोन टेबलांचा हॉल आणि मागं भाड्याच्या खोल्या आहेत. शेत गेलं, नारळ राहिला. घरात खोबरं इतकं साठतं, की मी माहेरी जाताना पिशवी भरून नेते आणि आई विचारते, तुम्ही कोकणात कधी राहायला गेलात?

खेळाचे नियमही मामांचेच. माणसं शिफ्ट सुटल्यावर येतात, घरी जायची घाई असते, म्हणून पंधराऐवजी सहाच लाल चेंडू मांडायचे. लागोपाठ दोनदा जिंकला, तर तिसरी फ्रेम, म्हणजे तिसरा डाव, उलट्या हातानं. आणि कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच थोडे गुण द्यायचे, कारण आखाड्यात जोड बघूनच कुस्ती लावतात. कुणाला किती गुण द्यायचे, हे मामा नुसत्या नजरेनं ठरवतात आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नाही.

मला खेळायला त्यांनीच शिकवलं. हॉल उघडण्याआधी, सकाळी, त्यांना जोडीला कुणीतरी हवं असायचं आणि माझी कंपनीतली शिफ्ट दुपारची. सुरुवातीला मी घरातली कामं टाळायला वर जायची. पुढं खेळाचंच वेड लागलं.

मागच्या खोल्यांत बीड-लातूरकडच्या मुली राहतात. चाकणच्या कंपन्यांत असेंब्ली लाइनवर उभं राहून काम करतात. गुरुवारी त्यांना-मला, सगळ्यांनाच सुट्टी. त्या दिवशी मुलगे हॉलमध्ये आणि मुली जिन्याच्या पायऱ्यांवर मोबाइल बघत बसलेल्या. एकदा त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "ताई, आम्ही वर आलो तर चालतं का?" "विचारून सांगते," मी म्हटलं. मी रोज सकाळी खेळते आणि या पोरी पायऱ्यांवर बसतात, याचा मला फार राग आला.

मी मामांना म्हटलं, "गुरुवारी दुपारी एक टेबल मुलींना द्या."

"गुरवारी? समदी गिऱ्हाइकं त्याच दिशी येत्यात," ते म्हणाले. "आन पोरी चार दिस येतील, फोटू काढतील, जातील. खेळाचं हसं व्हतं."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. चहा देताना, ताट वाढताना, वाळलेले कपडे काढताना तोच विषय. शेवटी ते वैतागले.

"लाव पैज. जिंकलीस, तर गुरवारी दुपारी खिडकीकडचं टेबल पोरींचं. हरलीस, तर नारळ, आन हा विषय तू परत काढायचा न्हाई."

"मला गुण किती देणार?"

"एक बी न्हाई. आता तुझी-माझी जोड बरोबरीची हाय."

एवढ्या अटीतटीच्या वेळी मला एकही गुण नाही म्हणून मी चिडले, आणि मनातून सुखावलेसुद्धा.

सकाळी खेळायला उभे राहिलो. मामा सावकाश खेळतात, समोरच्याचा जीव मेटाकुटीला येईपर्यंत सावकाश. मी घाईघाईत दोन सोपे चेंडू घालवले, मग सावरले. शेवटी काळा चेंडू तेवढा उरला. गुण जवळजवळ सारखे होते; काळा जो जाळीत घालेल त्याची फ्रेम. मामांनी तो माझ्यापासून लांब ठेवायचा प्रयत्न केला आणि त्यांचा अंदाज चुकला. चेंडू कोपऱ्यातल्या जाळीच्या तोंडाशीच येऊन थांबला.

मी टेबलावर ओणवी झाले. पांढरा चेंडू जरा लांब होता, हात ताणावा लागला. तेवढ्यात ओढणी खांद्यावरून घसरली आणि तिचं टोक पांढऱ्या चेंडूला लागलं. चेंडू हललासुद्धा नाही. मामा चष्मा पुसत होते.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पायऱ्यांवरच्या मुली डोळ्यांसमोर आल्या. पण असं ढापून मिळवलेल्या टेबलावर मी त्यांना कोणत्या तोंडानं खेळ शिकवणार होते?

"फाउल," मी म्हटलं. "ओढणी लागली."

पांढऱ्याला क्यूच्या काठीशिवाय काहीही लागलं तरी फाउल, आणि एकटा काळा उरलेला असताना फाउल झाला, की फ्रेम तिथंच संपते, समोरच्याला जाते. मामांनी चष्मा लावला, माझ्याकडं बघितलं आणि आपला क्यू स्टँडला लावून ठेवला.

मी नारळ आणला. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मला रडू आलं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही, हरल्याचंच दुःख होतं. त्या मुलीनं पुन्हा विचारलं तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली.

तो गुरुवार तसाच गेला. मी शब्द पाळला, विषय काढला नाही. मामाच अस्वस्थ दिसायचे. स्वयंपाकघरात उगाच पाणी प्यायला यायचे, दारात उभे राहायचे आणि निघून जायचे. "आज लई गप हायस," एकदा म्हणाले. मी "हं" म्हटलं आणि भाकरी थापत राहिले.

पुढच्या गुरुवारी मी भाजी चिरत होते. मामा आले, पण पाण्याच्या माठाकडं वळले नाहीत.

"खिडकीकडचं टेबल दुपारच्याला मोकळं ठिवलंय," ते म्हणाले. "पोरींना घिऊन ये. आपला फाउल आपुन सांगायचा, हे त्यास्नी पयलं शिकव. मग क्यू हातात दे."

मी भाजी बाजूला सारून उठलेच. तरी पैज ती पैज.

"मामा, मी हा विषय काढायचा नाही, असं ठरलंय आपलं."

"तू काढायचा न्हाई," ते म्हणाले. "मी काढायचा न्हाई, असं कुठं ठरलंय?"