डाव्या बाजूचं मागचं चाक

आमच्या घरी एक मोटार होती. विलायती, काळी आणि महायुद्धाच्या आधीची. आजोबा इंदूर दरबारच्या फौजेत अधिकारी होते. दरबार संपला, फौज संपली, आजोबांपाशी पेन्शन आणि मोटार उरली. आजोबा गेल्यावर पेन्शनही गेलं आणि मोटार वडिलांकडे आली.

वडील एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. त्या पगारात मोटार चालवणं परवडत नसे, म्हणून ते ती फारशी चालवत नसत. पुसत. त्यातही त्यांचा जीव चाकांवर होता. प्रत्येक चाकाच्या मधोमध क्रोमचा मुलामा दिलेली थाळीएवढी टोपी होती. मोटारवाले त्यांना काहीही म्हणोत, आमच्या घरात त्यांना ताटल्या म्हणत. दर रविवारी वडील जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने त्या पुसत आणि मग मेणाचा हलका हात देत. एरवीचं काम राखणीचं होतं. आमच्या रामबाग मोहल्ल्यातल्या कुत्र्यांना चाक दिसलं की राहवत नसे, आणि त्यांच्या येण्याजाण्याने क्रोमला डाग पडतात असं वडिलांचं निरीक्षण होतं. संध्याकाळी ते पेपर वाचायला अंगणात बसत, तेव्हा हाताशी काठी असे. आजोबांच्याच फौजेतले एक निवृत्त हवालदार शेजारी राहत. ते जाता-येता इंदुरी ढंगात म्हणत, “भिया, पूर्ण मोहल्ल्यात रोज मोटार वापरणारा एक कुत्राच आहे.”

ताटल्या काढून घरात का ठेवत नाहीत, हा प्रश्न बाहेरचे लोक विचारत. त्याचं उत्तर असं की त्यांच्या आतले चाप जुने झाले होते. काढलेली ताटली परत बसेल याची खात्री नव्हती, आणि नवी मिळणं शक्य नव्हतं.

मध्य प्रदेश नवा झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ही गोष्ट इंदूरने मनाला लावून घेतली. कचेऱ्या एकेक करून तिकडे हलू लागल्या आणि घराघरांत एकच विषय झाला: कोण जाणार, कोण राहणार. वडिलांना जायचं नव्हतं. त्यांची कारणं पुष्कळ होती आणि ती ऐकणाऱ्यागणिक बदलत. आईला जायचं नव्हतं याचं कारण एकच होतं. तिची दोन्ही माहेरं, म्हणजे सख्खं आणि मामाचं, पायी जाण्याच्या अंतरावर होती.

त्याच सुमारास खात्याचे मंत्री इंदूरला येणार असं ठरलं. जवळच्या सिमरोल गावात गुरांच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. मंत्र्यांना पाठीचा त्रास होता, त्यामुळे जीप चालणार नव्हती, आणि कचेरीपाशी जीपशिवाय काही नव्हतं. वडिलांच्या साहेबांना आमची मोटार आठवली. ते घरी येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून गेले. गाडी जुनी आहे, पण चाकं बघून कुणाला कळणार नाही, असं त्यांचं मत पडलं. जाताना त्यांनी सांगितलं की त्या दिवशी सकाळी ते परत बघतील. चाकं अशीच दिसली तर ठीक, नाहीतर कापड बाजारातल्या एका शेठची गाडी सांगून ठेवली आहे.

वडिलांनी एकच अट घातली. गाडी मी स्वतः चालवीन. मंत्री उतरणार होते त्या रेसिडेन्सी कोठीपासून सिमरोलपर्यंत मंत्री त्यांच्या मागच्या सीटवर असणार होते. बदली होऊ नये ही विनंती करायला इतका निवांत वेळ कुणा हेडक्लार्कला मिळाला नसता. ती विनंती आईने तयार करून दिली. दोन वाक्यं होती. जास्त बोललात तर गोंधळ कराल, असं ती म्हणाली.

अडचण एकच होती. मंत्री येणार त्याच्या आदल्या दिवशी रंगपंचमी होती.

इंदूरची रंगपंचमी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की त्या दिवशी राजवाड्याकडून येणारा कोणताही माणूस स्वतःच्या रंगाचा नसतो. मोटारीच्या अंगावर ताडपत्री टाकायची होती, पण ती चाकांपर्यंत पोचत नव्हती. बाहेर पडण्याआधी अंगाला आणि केसांना तेल चोपडलं की रंग धरत नाही, हे इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. वडिलांनी हाच नियम चाकांना लावायचं ठरवलं. आईने शेंगदाण्याचं तेल द्यायचं नाकारलं. तेव्हा त्यांनी माळ्यावरून अळशीच्या तेलाचा डबा काढला. दारं-खिडक्या रंगवल्या तेव्हा सुतार तो ठेवून गेला होता. दोन दिवस आधीपासून त्यांनी ताटल्यांना तीन हात दिले.

अळशीचं उकळलेलं तेल वाळतं आणि वाळता वाळता चिकटतं. म्हणूनच सुतार ते लाकडाला लावतो आणि डोक्याला कुणी लावत नाही.

रंगपंचमीला वडील मोटारीच्या पुढे उभे राहिले आणि येणाऱ्या टोळ्यांना हात जोडून विनंती करत राहिले. टोळ्यांनी विनंती नीट ऐकून घेतली, आधी वडिलांना रंगवलं आणि मग मोटारीला. ताडपत्रीने बॉडी वाचवली. ताटल्यांवर मात्र गुलाल बसला, त्यावर धूळ बसली आणि दिवसभराच्या उन्हात ते सगळं भाजून निघालं. दुपारनंतर पाणी मारून पाहिलं तेव्हा चारही चाकं पिकलेल्या पेरूच्या आतल्यासारखी दिसत होती. वडील स्वतः हिरवे होते.

संध्याकाळी साफसफाई सुरू झाली. टर्पेंटाइनने हे निघेल असं वडिलांना वाटलं आणि ते बरोबर होतं. पण काम सावकाश होतं. एकेका ताटलीवर फडकं भिजवून ठेवायचं, थर फुगू द्यायचा, मग बोटाने गोल गोल काढायचा. हवालदार कुंपणापलीकडून बघत होते. त्यांना हा वेग सहन झाला नाही. आम्ही फौजेत परेडच्या आधी बटणं चमकवायचो, बटण काय आणि चाक काय, असं म्हणत ते आत आले. वडिलांनी त्यांना मागचं डावं चाक दिलं. सगळ्यात कमी दिसणारं तेच होतं.

हवालदारांनी चिंच, राख आणि विटेची भुकटी वापरली. फौजेची बटणं पितळेची असतात आणि आतूनही पितळेचीच असतात. क्रोमचा मुलामा कागदाइतकाही जाड नसतो. रात्री दिव्याच्या उजेडात तीन ताटल्यांत तोंड दिसत होतं. चौथीवर ओरखडे होते, मध्ये पिवळट धातू दिसत होता आणि ओरखड्यांत गुलाल कायमचा शिरला होता. हवालदारांनी दोन पावलं मागे जाऊन ती नीट न्याहाळली.

“थोडी गुलाबी राहिली,” ते म्हणाले. “पण मेहनत दिसते की नाही, भिया?”

वडिलांनी हो म्हटलं. हवालदार त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते.

सकाळी साहेब आले तेव्हा मोटार कंपाउंडच्या भिंतीला डाव्या बाजूने इतकी चिकटून उभी होती की मधे मांजर जेमतेम गेलं असतं. साहेब पुढून बघून, उजवीकडून बघून, मागून बघून आले. पलीकडे जाता येत नव्हतं. चला, म्हणाले.

मोठा माणूस गाडीत डावीकडून चढतो आणि डावीकडे उतरतो, असा सरकारी रिवाज होता. वडिलांनी त्या दिवशी तो मोडला. रेसिडेन्सी कोठीत त्यांनी गाडी बाहेर जायच्या फाटकातून आत आणली, म्हणजे पायऱ्यांपाशी उजवी बाजू येईल. पहारेकऱ्याने हरकत घेतली ती त्यांनी ऐकली नाही. मंत्री उजवीकडून चढले आणि बरोबर वडिलांच्या मागे बसले. पुढे कचेरीचा शिपाई होता. साहेब जीपमधून मागे येत होते.

जाताना वडील आईची दोन वाक्यं मनात म्हणत होते.

सिमरोलला रस्त्याच्या डाव्या हाताला मांडव होता. सरपंच हार घेऊन उभे होते, बँडवाले तयार होते. मोटार जवळ आली, बँड सुरू झाला, हार वर गेले आणि मोटार पुढे निघून गेली. बँड थांबला. वडिलांनी विहिरीपाशी गाडी वळवली आणि परत आणली. आता मांडव उजवीकडे आला. बँड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मंत्र्यांनी दोन्ही वेळा हात जोडले.

परतीच्या प्रवासाचे दोन वृत्तान्त आहेत, एक वडिलांचा आणि एक शिपायाचा. गाव मागे पडल्यावर मंत्र्यांनी विचारलं, “हमें विहीर दिखाने का क्या कारण था?” वाक्य असंच होतं यावर दोघांचं एकमत आहे. विहीर हा शब्द त्यांनी मुद्दाम मराठी वापरला, कारण ते बऱ्हाणपूरकडचे होते आणि समोरचा माणूस मराठी आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

वडिलांच्या मते त्यांनी शांतपणे गाडी कडेला घेतली आणि खरं ते सांगितलं. शिपायाच्या मते गाडी झाडावर जाता जाता राहिली. खरं मात्र त्यांनी सांगितलं. मंत्री खाली उतरले. साहेबांची जीप मागे थांबली आणि साहेब धावत आले. पाठीवर हात ठेवून मंत्री वाकले आणि डाव्या बाजूचं मागचं चाक बराच वेळ बघत राहिले. मग पलीकडे जाऊन त्यांनी उजव्या बाजूची दोन्ही पाहिली आणि त्यांत मिशा नीट केल्या.

ते पूर्वी वकिली करत आणि त्यांच्याकडेही मोटार होती. तिच्या चाकांच्या टोप्या पावसाळ्यात गंजायच्या. उरलेला सगळा रस्ता त्यांनी वडिलांना प्रश्न विचारले. मेण कोणतं, टर्पेंटाइन किती वेळ ठेवायचं, कुत्र्यांचं काय करता. वडिलांना आयुष्यात कुणी हे प्रश्न विचारले नव्हते. त्यांनी एकाही उत्तराला घाई केली नाही. कुत्र्यांचं उत्तर अर्धं झालं होतं तेव्हा रेसिडेन्सी कोठीचं फाटक आलं.

उतरल्यावर मंत्री साहेबांना म्हणाले, “इनको भोपाल भेजिए. वहाँ खाते की गाड़ियाँ देखी हैं आपने? भैंस भी उनसे साफ होती है.”

साहेब म्हणाले, जी, जरूर. वडिलांच्या वृत्तान्तानुसार ते या क्षणी आपली दोन वाक्यं बोलणारच होते. शिपायाच्या वृत्तान्तानुसार त्यांनी आभार मानले.

घरी आल्यावर आईने त्यांना पाणी दिलं आणि पिऊन होईपर्यंत थांबली.

“बोललात का?”

“बोललो ना. सगळा वेळ बोलत होतो.”

“अहो, कशाबद्दल?”

“चाकांबद्दल,” वडील म्हणाले. मग त्यांनी भोपाळचंही सांगितलं. आई पदर खोचून कुंपणापाशी गेली आणि हवालदारांना विचारलं की तुमच्या सुनेचं भोपाळमध्ये कोणी आहे का, दोन खोल्या बघून देईल असं.

महिन्याभरात हुकूम आला. आम्ही आगगाडीने गेलो, वडील मोटारीने. वाटेत आष्ट्याच्या पुढे ती बंद पडली आणि तिथून दोरी बांधून भोपाळपर्यंत आली. चाकं फिरत होती, त्यामुळे हा प्रवास वडील स्वतःच्या मोटारीने केलेला धरत. खात्याच्या गाड्या त्यांच्या ताब्यात आल्या. त्या शिपायांकडून पुसून घ्यायच्या, असं त्यांचं काम होतं. शिपाई फडकं उभं-आडवं मारत. वडील दोन-तीनदा गोल हात दाखवत आणि मग त्यांना बाकावर बसवून स्वतः पुसायला लागत. आई डबा घेऊन गेली की तिला आधी बाकावरचे शिपाई दिसत आणि मग कुठल्यातरी चाकापाशी वडिलांची पाठ.