पाठ करून उभा राहिलेला मिस्त्री

२०२२ साल होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. नाला ओलांडला की माझ्या जीपच्या मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये पाणी शिरायचं आणि ब्रेक लागायचा नाही. सुनेनं तोंडावर सांगितलं, "बाबा, ह्या गाडीत मी लेकरं बसवणार नाही." जीप विकणारा माणूस मी नाही. लोहारा गावात एक मिस्त्री ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवतो असं ऐकलं आणि तिथं गेलो.

उंच, काळा माणूस, बोलायला महाग. डिस्कचा ब्रेक धरायची लोखंडी पट्टी त्यानं बाजारातून आणली नाही, स्वतः कापली. सगळं बसवल्यावर चाक फिरवलं आणि डोळे मिटून ऐकत बसला. मग म्हणाला, "आता ब्रेक हलकाच दाबा."

मी म्हटलं, "जलमभर ड्रमवर चालवली. मले शिकवू नको."

"शिकवून नाही राह्यलो, बाबा. गाडी उतारावर घ्या."

आणि स्वतः उताराखाली जाऊन, जीपकडे पाठ करून उभा राहिला. मी वरून जीप सोडली आणि ब्रेक दाबला. जीप त्याच्या बरीच अलीकडे गप्पकन थांबली. तो बिडी पेटवत होता, वळलाही नाही.

"पाठ कायले केली?" मी विचारलं.

"तोंड करून उभा राह्यलो असतो, तं तुम्ही म्हणले असते, मिस्त्री पळाच्या तयारीत आहे."

असा ताठा मला आवडतो. नाव मी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप नाल्यातून भिजवून आणली, आजवर कोणाला न दिलेली किल्ली सुनेच्या हातात ठेवली आणि घरापुढच्या उताराखाली पाठ करून उभा राहिलो.