चक्कीच्या इंजिनाची झापड

आमच्या चक्कीत एक रीत होती. इंजिन सुरू झालं की आधी पाण्याची धार पाहाची, मग दळण टाकाचं. उंच हौदातून गार पाणी इंजिनाच्या अंगातून फिरे अन् मागच्या नळीतून दगडी टाक्यात पडे. धार जाड, तर इंजिन खुशाल. धार तुटली, तर धावा, इंजिन बंद करा! अख्ख्या अनसिंग गावाले हे पाठ. दळण घेऊन आलेली बाई बी आधी नळीकडं पाहे, मग डोक्यावरची पाटी उतरवे.

माह्या मालकानं लावलेली रीत ती. मालक गेले अन् चक्की माह्या अंगावर आली. लढाईचे दिवस होते, सामान कुठंच भेटत नव्हतं, अन् इंजिन नुसतं काळा धूर ओकून राह्यलं होतं. धाकटे दीर रोज येऊन टुमणं लावत, "वयनी, मोडीत काढा ते धूड. आमच्या घरी या. तुमच्या दोन भाकरी का जड हायेत आमाले?" माह्या दोन भाकरी! त्याच्या अख्ख्या खटल्याच्या भाकरी कोण थापणार होतं, ते नाही सांगितलं बाबानं. चक्की गेली की मी त्याच्या चुलीपुढं जाणार, हे त्यालेही ठावं होतं अन् मलेही.

मी वाशिमहून मिस्त्रीचाचाले बोलावलं. चाचा मोठा बोलघेवडा. इंजिनाले हात लावला अन् म्हणाला, "भाभी, हे बिमार नाही, गारठलं हाये. इतकं गार पाणी फिरवता, तेल पुरं जळंन कसं?" त्यानं एका मोडक्या लारीतून थर्मोस्टॅट काढून आणला अन् नळीच्या तोंडाशी बसवला. आमी त्याले झापड म्हणो. पाणी गार असलं की झापड मिटलेली, बारक्या भोकातून नुसती करंगळीएवढी धार. पाणी तापलं की आपोआप उघडे. चार दिवसांत धूर निवळला, आवाज गोड झाला. मी एकटीच हसत होते तिथं, येडीसारखी.

दिराले मी सतरांदा सांगितलं, "भाऊजी, सुरवातीले धार बारीकच राहते. भिऊ नका, हात लावू नका." ते मान डोलवत. कायची मान अन् कायचं काय!

माह्या भावाच्या घरी लग्न निघालं. रिठदले जाणं भाग होतं. चक्की दिरावर सोपवली. परत आले तर टाक्यात जाड धार पडून राह्यली होती, अन् छपराबाहेर काळा धूर. मले पाहताच एक म्हातारा म्हणाला, "बाई, नशीब तुह्यं! धार पार करंगळीएवढी उरली होती. धाकल्यानं पहार घालून मोकळी केली. इंजिन वाचवलं त्यानं."

वाचवलं! नळीत पहार घालून झापडेचा चुराडा केला होता. अन् हे साहेब ओट्यावर बसून चहा पिऊन राह्यले होते, सारे वाहवा करून राह्यले होते.

माह्या डोक्याचा पदर कधी पडला मले कळलं नाही. "तुमच्या डोस्क्यात भुसा भरला का? कायले हात लावला? माह्या जिवावर उठले तुमी!" ते शांतपणे म्हणाले, "धार बंदच पडत होती, वयनी. दादाचीच रीत पाळली मी." त्यावर साऱ्यायनं माना डोलवल्या. मेलेल्या नवऱ्याचं नाव पुढं केलं की बाईनं गप्प बसावं म्हणते दुनिया. आजही ते आठवलं की मी दातओठ खाते.

चाचा वणवण फिरला. दुसरी झापड मिळाली नाही. इंजिन पुन्हा गारठलं, अर्धवट जळल्या तेलानं सिलिंडर त्या हिवाळ्यात घासून गेलं, अन् एका सकाळी इंजिन उचललंच नाही. दिरानं बैलगाडी आणली, मोडीत घालाले इंजिन वर चढवलं अन् जमलेल्या लोकायदेखत म्हणाले, "बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं की असंच होते." मग माह्याकडं वळले, "चला, गठुडं बांधा."

मी गठुडं बांधलं नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या चक्कीत जातं मांडलं अन् लोकायचं दळण हातानं दळाले बसले. हाताले फोड आले, फुटले, पुन्हा आले. दीर दारात येऊन उभे राह्यले. "वयनी, हे काय नवं खूळ काढलं?"

मी जात्याचा खुंटा सोडला नाही. म्हटलं, "याले पाणी लागत नाही, भाऊजी. आता पहार कुठं घालता?"