उभ्या बैलाच्या पायाला दात

माझा कॅमेरा टेपवाला. लोणावळ्यात लग्नं घ्यायला म्हणून घेतलेला, अजून चालतो. शाळा माझी चौथीत सुटली, पण त्या कॅमेऱ्याची खोड मला कुणाला विचारावी लागली नाही. तो अख्खं चित्र एका वेळी घेत नाही. आधी एकाआड एक रेघा घेतो, मग मधल्या घेतो. तेवढ्यात जे हललं ते दोन जागी सापडतं. टीव्हीवर चित्र थांबवलं की त्याच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. नवरदेवाचा हात, घोडीची शेपटी, पडत्या अक्षता, सगळ्यांना दात. जे हललं नाही ते साफ. अख्खं चित्र एकदम घ्यायचं बटणही त्याला आहे. ते दाबलं की दात जातात, पण सेकंदाला चित्रं कमी पडतात आणि पळता बैल झटके खात जातो. मी ते बटण वापरत नाही.

बैलगाडा शर्यतीच्या आदल्या दिवशी आंबी गावाच्या बाजूला मेव्हण्याच्या गोठ्यावर गेलो. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बैल शर्यतीत उतरवायच्या आधी त्याचे पाय धुऊन हळद लावायची त्यांच्या घरची रीत.

"दाजी, पाय भरून दिसलं पायजेत," मेव्हणा म्हणाला. "तोंड काय, समदेच काढत्यात."

मी घमेलं उपडं घातलं, त्यावर कॅमेरा ठेवला आणि पूजा घेतली.

संध्याकाळी घरी टेप लावली, मधे मधे थांबवत बघितली. हळद लावणारा हात दातेरी. शेपटी दातेरी. तीन पाय साफ. पुढचा उजवा मात्र गुडघ्याच्या वर दातेरी. हात बाजूला झाला तिथं थांबवलं, तरी तेच. बैल उभा होता आणि त्याचा एक पाय उभा नव्हता. गोठ्यात मला हे दिसलं नव्हतं.

"माशी बसली आसंल," बायको म्हणाली.

मी टेप मागं घेतली, पुढं घेतली, जागोजाग थांबवली. ती बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "त्याला सांगा."

सकाळी घाटावर गर्दी होती. आमच्याकडं घाट म्हणजे शर्यतीची चढाची धाव. दोन्ही कडांना माणसं, बायकापोरं पार पुढं बसलेली. गाड्याला चार बैल, त्यात मेव्हण्याचा मागच्या जोडीत, गाड्याला लागून पळणार होता. मी मेव्हण्याला बाजूला घेतलं.

"त्याचा पुढचा उजवा पाय थरथरतोय. जुंपू नको."

"कुनी सांगितलं?"

"टेपनं."

तो हसला. "दाजी, त्या डबड्यानं तुमच्या लेकीच्या लग्नात माझ्या मिशीला बी दात काढलं व्हतं." त्यानं मोबाईल काढला. तीच पूजा, चित्र काचेसारखं. "दावा. कुटंय थरथर?"

"त्यात अख्खं चित्र एकदम येतं. पाय दोन जागी सापडत न्हाई, म्हणून साफ दिसतो."

"म्हंजे नव्याला दिसंना आन् तुमच्या भंगाराला दिसतंय! लय भारी."

"कॅमेरा ऱ्हाऊ दे. हात लावून बघ. हा पडला तर गाडा त्याच्यावर जाईल आन् बाकीचे बैल माणसांत घुसतील."

भोंग्यावर त्याच्याच गाड्याचा पुकारा झाला. हलगी वाजत होती. तो वाकला, बैलाच्या गुडघ्याच्या वर हात ठेवला. थोपटायला ठेवतात त्यापेक्षा हात जास्त वेळ तिथं राहिला. मिशीखालचं हसू गेलं. त्याला कळलं, एवढं मला कळलं.

मग त्यानं हाताची हळद धोतराला पुसली. माझ्याकडं बघितलं नाही.

"कॅमेरा लावा, दाजी," म्हणाला. "जवळनं घ्या." आणि बैलाची वेसण धरून पुढं झाला.

मी कॅमेरा पिशवीत घातला. घाटाच्या कडेला गेलो आणि पुढं बसलेल्या बायकांना म्हणालो, "उठा. पोरं घेऊन मागं सरा."

"आबा, मागनं काय दिसनार?" एक जण म्हणाली. बाकीच्या हसल्या.

"न्हाई दिसलं तर ऱ्हाऊ दे. उठा!"

मी एका पोराचा दंड धरून ओढला, तर त्याची आई माझ्यावर खेकसली. पुढचं कुणीच उठलं नाही. खाली चौथा बैल जुंपून झाला होता. मी बायकांकडं तोंड करून, घाटाकडं पाठ करून तिथंच उभा राहिलो. गाडा सुटणार म्हणून हलगी थांबली.