ताईचा स्थळासाठी काढलेला फोटो
कपाट आवरताना स्टुडिओचं ते पिवळं पाकीट पुन्हा हाती आलं. ताईची प्रतिकारशक्ती तिच्याच किडनीवर उलटली होती; स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आजार आवरला, पण चेहरा सुजून गोल झाला. त्यातच हिंजवडीतल्या इंजिनिअरचं स्थळ चालून आलं आणि त्यांनी फोटो मागितला. महिनाभरात चेहऱ्याची सूज उतरली. नारायण पेठेतल्या स्टुडिओत अबोली साडी नेसून ती बसली, तेव्हा मी म्हणालो, "आता कशी छान दिसतेस!" ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. पंधरा दिवसांत तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तिथून ती परत आली नाही. तिच्या उशीच्या अभ्र्यात दीड महिन्याच्या न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. अजूनही घरातली कुणी मुलगी बारीक दिसली, की माझ्या तोंडून 'छान' निघत नाही, मी विचारतो, "औषधं घेतेस ना गं?"