झावळी नसलेला रविवार

शमुवेल मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांवर बसलो होतो. आमच्या निमगाव सावाचाच एकजण गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "भाऊ, मास्तर गेलं." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कुठं? ओढ्यात?" "ओढ्यात कशाला जातील? घरी. झोपेत." या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण मला अजून ते पटत नाही... ज्या माणसाला बिबट्या नेणार म्हणून मी आणि त्यांच्या बायकोनं, रूथवहिनींनी, वर्षानुवर्षं जीव मुठीत धरला, तो माणूस स्वतःच्या अंथरुणात गेला.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. गावाबाहेर चार ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर, तिथले तेच वडीलधारे. ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला, लोक झावळ्या घेऊन सामोरे गेले, म्हणून ते नाव. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी अर्धा पाद्री झालो होतो. आमच्या ओढ्याला शिंदीचं बन आहे. शिंदी म्हणजे खजुरीची गावठी बहीण, म्हणून आदल्या दिवशी मास्तर कोयता घेऊन तिथंच जायचे. पुढं दोन हजार सालानंतर बिबट्यांनी उसात बिऱ्हाड थाटलं. शिवारात उसाच्या कांड्यांपेक्षा बिबटे जास्त झाले, आणि हे मी कमी करून सांगतोय. कुत्री संपली, वासरं गेली, पलीकडच्या वस्तीवर एका बाईला अंगणातून ओढलं. दिवस कलायच्या आत दारं लागायची. आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना ऊस.

बाईला ओढलं त्या साली वहिनी माझ्या दारात आल्या. "भाऊ, तुमचं ऐकतील. नारळाची झावळी आणा म्हणावं, आंब्याचा डहाळा आणा म्हणावं. मला माणूस पाहिजे, झावळी नको."

मी गेलो तेव्हा मास्तर कोयत्याला धार लावत होते. म्हटलं, "मास्तर, बायबलात मत्तय नुसत्या झाडाच्या डहाळ्या म्हणतो. मार्क शेतातल्या फांद्या म्हणतो. लूक तर फांदीचं नावच घेत नाय, लोकांनी कापडं अंथरली एवढंच सांगतो. तुमाला एकट्या योहानाचीच खजुरी लागती व्हय?"

"सणाला नाव योहानाच्या झावळीचं आहे, राव," ते म्हणाले. "नाव एकाचं लावायचं नि संसार दुसऱ्यासंगं करायचा, हे तुमच्या पुढाऱ्यांत चालतं."

मग काय, मीही काठी घेऊन मागं निघालो. भर दुपार होती. बनात पाखरू बोलत नव्हतं. मास्तरांनी पहिल्या झावळीला हात घातला आणि तसेच थांबले. शिंदीच्या बुडाशी तो पडला होता, ऊन-सावलीत सावलीसारखा, डोळे उघडे. माझं काळीज असं वाजत होतं की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आभाळातले तारे सोडून माझ्याकडं वळल्या असतील. पाय जमिनीत रुतले. मास्तर मात्र येशूला सामोरे गेलेल्या लोकांचा घोष पुटपुटायला लागले, "होसान्ना... होसान्ना..." मला वाटलं, म्हातारा गेला कामातनं, वाघाचा जयजयकार करतोय. तेवढ्यात बिबट्या उठला, आळस दिला आणि उसात शिरला. आम्ही कोयता तिथंच टाकून पळालो.

धाप ओसरल्यावर मी विचारलं, "त्याची आरती कशाला वोवाळत व्हता?"

मास्तरांचे ओठ पांढरे पडले होते. "जयजयकार मागनं झाला रे तो. मुळात स्तोत्रातली हाक आहे ती... 'आम्हाला वाचव'. भ्यालेल्या माणसांची. चाळीस वर्षं पोरांना अर्थ सांगितला. मला आज कळला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी योहान बाजूला ठेवून लूक वाचला. लोकांनी प्रार्थनाघराच्या वाटेवर टॉवेल, उपरणी, चादरी अंथरल्या. तेव्हापासून आमच्याकडचा झावळ्यांचा रविवार झावळीविना होतो. तरी दरवर्षी आदल्या दिवशी वहिनी घरातली विळीसुद्धा लपवायच्या आणि मला ओसरीवर पहाऱ्याला बसवायच्या. मास्तर आतून म्हणायचे, "वाघ बरा, तुमी दोघं नको." पण ओढ्याकडची खिडकी त्यांनी परत कधी उघडली नाही.

यंदाचा तो रविवार त्यांच्यामागं आला. सगळ्यांची कापडं अंथरून झाली, मग वहिनींनी मास्तरांचा काळा कोट आणला आणि पायरीशी पसरला. बाह्या नीट केल्या. लोक आले आणि कोटाला वळसा घालून आत गेले. एकानंही पाय ठेवला नाही. मी शेवटचा, चपला काढून फाटकाशी उभा. पाय ओढ्याकाठी रुतले होते तसेच रुतले. त्या कोटात माणूस आहे, असंच मला वाटत होतं.

वहिनी म्हणाल्या, "या भाऊ. तुडवा. त्यासाठीच अंथरलाय."

पायरीशी गेलो, डोळे मिटून पाय टाकला... कोट ऊबदार होता. उन्हानं तापला असेल, असं लोक म्हणतात. पायरी मात्र सावलीत आहे.